गोठ्यातली इंग्रजी

माणसाला हताश करण्याचे जगात पुष्कळ प्रकार असतील. पण एकही वाकडा शब्द न बोलता, आवाज न चढवता, उलट समोरच्याच्या ज्ञानात रोज चार गोष्टींची भर घालत घालत त्याला डोक्याला हात लावून बसवायचं, हे माझ्या भाऊजींइतकं सावनेरपासून कुहीपर्यंत कुणालाही साधलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. सावनेरजवळच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. किडकिडीत बांधा, खिशाला तीन पेनं, आणि विजारीला सायकलची क्लिप, जी सायकल घरी ठेवली तरी पायावरच असायची. बैलाची मान वर करून बांबूच्या नळीनं त्याच्या घशात औषध ओतणारा हा माणूस, आणि त्याला वेड कशाचं, तर इंग्रजी शब्दांच्या मुळांचं! शब्द आला कुठून, त्याचा आजा कोण, पणजा कोण, आधी तो कुणाच्या घरी नांदत होता, याची चौकशी केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. माझा नागपुरात, महालात, एक छोटा छापखाना होता. म्हणजे मी या माणसाच्या तावडीत दोन्हीकडून सापडलो होतो, एक तर छापखानेवाला आणि त्यातून साळा. आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची सोयच नव्हती. जावई दारात आला की पायावर पाणी, बसायला पाट, पानात पुरण. भाऊजी बोलायला लागले की माझी आई डोक्यावरचा पदर सावरून ऐकत बसायची. ते काय बोलतात हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

या वेडाची सुरुवात एका गाईपासून झाली. गावात जनावरांना टोचायची मोहीम होती आणि नागपूरहून एक मोठे डॉक्टर आले होते. दुपारी झाडाखाली डबा खाताना ते सहज म्हणाले, की व्हॅक्सीन हा शब्द जुन्या लॅटिन भाषेतल्या गाईच्या नावावरून आला आहे. डॉक्टर डबा धुऊन निघून गेले, पण भाऊजी तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं आपण हातात सुई धरून गाईच्या मागे धावतो आहोत आणि गाय त्या शब्दातच बसलेली आहे, हे त्यांना सहन होईना. पुढच्याच आठवड्यात नागपुरातल्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून त्यांनी उशीएवढा जाड इंग्रजी कोश आणला. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, पहिली पन्नास पानं गायब. त्या दिवसापासून आमच्या ताईच्या संसारात सवत आली, असं माझी आई म्हणायची. ताई मात्र हसायची. म्हणायची, "दारू पेत नाही, पत्ते खेळत नाही. पुस्तक वाचून राहिले तर वाचू दे ना, बाप्पा."

दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यांची मात्र दैना होती. एकाचा बैल मागच्या पायानं लंगडत होता. भाऊजींनी मांडी चाचपली आणि प्रसन्न चेहऱ्यानं त्याला सांगितलं, "पाटील, याला इंग्रजीत मसल म्हणतात. म्हणजे लहानसा उंदीर. कातडीखाली हलताना उंदरासारखा दिसतो म्हणून." पाटलानं उंदीर एवढंच ऐकलं आणि तो बैल सोडून थेट गावातल्या मांत्रिकाकडे गेला. दुसरा एकजण तापानं बरळणाऱ्या बापाला सावनेरच्या डॉक्टरकडे नेत असताना वाटेत भाऊजींनी गाठला. त्याला थांबवून ते म्हणाले, "डॉक्टर याला डिलिरियम म्हणेल, घाबरू नको. त्याचा मूळ अर्थ, नांगर तासातून बाहेर जाणं." बैलगाडीत म्हातारा बरळतो आहे, बैल फुरफुरताहेत आणि हे रस्त्यात उभे राहून लॅटिन नांगराच्या फाळानं पडलेलं तास समजावताहेत! गंमत म्हणजे त्या पोराला ते पटलं. "हाव ना जी," तो म्हणाला, "बुढा तासातून बाहेरच गेला हाय." भाऊजींना आयुष्यात मिळालेली ही बहुधा एकमेव दाद. तिच्या जोरावर त्यांनी पुढची पंधरा वर्षं काढली.

एका पोळ्याला तर त्यांनी कहर केला. गावच्या तोरणाखाली सजवलेल्या बैलांची रांग लागली होती, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या होत्या, आता तोरण तुटायचं आणि पोळा फुटायचा. तेवढ्यात सरपंचाला काय बुद्धी झाली कोण जाणे, तो म्हणाला, कंपाउंडरसाहेब सालभर आपली जनावरं पाहतात, त्यांनी दोन शब्द बोलावे. दोन शब्द! ज्या माणसाजवळ चार हजार शब्द तयार आहेत त्याला दोन बोलायला सांगायचं! भाऊजींनी बिगूलपासून सुरुवात केली. पलटणीत वाजतो तो बिगूल म्हणजे मुळात गोऱ्ह्याचं शिंग. मग चित्रकाराचा ईझल म्हणजे गाढव, कारण दोघंही ओझं पाठीवर घेऊन मुकाट उभे राहतात. मग ट्रॅजेडी म्हणजे बकऱ्याचं गाणं. बैलांच्या पाठीवरच्या झुली उन्हानं तापल्या, बायका ओवाळायची ताटं घेऊन दारात ताटकळल्या आणि बकऱ्याचं गाणं काही संपेना. शेवटी रांगेतला एक खोंड उसळला, तोरण शिंगात घेऊन सरळ नदीकडे पळाला आणि त्याच्यामागे अख्खा पोळा पळाला. त्या गावात भाऊजींना पुन्हा कुणी बोला म्हटलं नाही. ते मात्र घरी येऊन हळहळत होते की मुद्द्याचं सांगायचं राहूनच गेलं.

ताईवर या सगळ्याचा काहीच परिणाम होत नसे, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. ती भाकरी थापायची आणि भाऊजी चुलीपुढे पिढ्यावर बसून कोश वाचायचे. एकदा त्यांनी सांगितलं, लेडी या शब्दाचा मूळ अर्थ भाकरीची कणीक मळणारी बाई. ताईनं हातातला उंडा परातीत ठेवला आणि म्हणाली, "मंग मी सकाळपासून काय करून राहिली? एवढ्या वर्षांत लेडी म्हणून हाक नाही मारली कधी." भाऊजी इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला खरोखरच तशी हाक मारली, तीसुद्धा अंगणातून, मोठ्यानं. गल्लीतल्या बायका आठवडाभर हसत होत्या. पण एक सांगतो, त्या दिवसापासून भाऊजींना सापडलेला प्रत्येक शब्द आधी ताईला ऐकवला जायचा आणि मगच वहीत उतरायचा. तिला पटला नाही तर तिथे पेन्सिलीनं फुली पडायची.

आणि मग एके शनिवारी ती वही माझ्या छापखान्यात आली. सत्तरच्या आगेमागे असेल. भाऊजी दुपारच्या बसनं आले, पाणी प्यायले आणि टेबलावर जाडजूड बाड ठेवून म्हणाले, "बाबुराव, पुस्तक करायचं. नाव ठरलंय, 'गोठ्यातली इंग्रजी'. डाव्या पानावर इंग्रजीत, उजव्या पानावर मराठीत. पहिलं प्रकरण जनावरांचं." मी बाड उघडलं आणि तसंच मिटलं. छापखान्याबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. त्या काळात अक्षर न् अक्षर शिशाचं. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, पानं झाली की ती लोखंडी चौकटीत आवळायची, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि लेखकानं प्रूफावर 'छापावे' असं लिहून सही केली की मगच मशीन चालवायचं. छापून झालं की तेच खिळे सोडून परत लाकडी पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचे, म्हणजे पुढचं काम घेता येतं. माझ्यासारख्या लहान छापखान्यात इंग्रजी खिळे असून असणार किती! आठ पानांत, म्हणजे त्यातल्या चार इंग्रजी पानांत, घरं रिकामी. पण पहिलं प्रकरण आठच पानांचं, ते छापायला असा वेळ तो किती लागतो? आठवडा, फार तर दोन. जावयाचं काम आहे, करू. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं, हे आठवलं की आजही मला माझी कीव येते.

ती आठ पानं अकरा वर्षं चौकटीत तशीच उभी राहिली.

दर शनिवारी भाऊजी यायचे. प्रूफ घ्यायचे, तीनही पेनं काढायचे आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसून वाचायचे. दर शनिवारी काहीतरी नवीन सापडलेलं असायचं. पेडिग्रीचं, म्हणजे वंशावळीचं, मूळ बगळ्याच्या पायात आहे असं आधी लिहिलं होतं, आता तो बगळा नसून क्रौंच असावा. मुंगूस हा शब्द इंग्रजांनी आपल्या मराठीतूनच उचलला, ही त्यांची सर्वांत लाडकी नोंद. ती दरवेळी दोन ओळींनी वाढायची आणि पुढची सगळी पानं हलायची. आमचा कंपोझिटर तुळशीराम हा म्हातारा माणूस. इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, पण आकार पाहून न चुकता अक्षर लावायचा. तो चिमटा हातात घेऊन छताकडे पाहायचा. "मालक," तो मला म्हणायचा, "माह्या बायकोनं एवढ्या वेळा लुगडं बदललं नाही, जेवढ्या वेळा या मुंगसानं बदललं." मी म्हणायचो, भाऊजी, आता सही करा. भाऊजी टोपण लावायचे, तीनही पेनं परत खिशाला लावायचे आणि म्हणायचे, "अजून एक शंका आहे. पुढच्या शनिवारी पाहू."

ती शंका म्हणजे कुत्रा. हत्तीचं मूळ मिळालं, माकडाचं काहीबाही मिळालं, पण इंग्रजीतल्या डॉग या तीन अक्षरी शब्दाचं मूळ भाऊजींच्या कोशात नव्हतं. तिथे चक्क लिहिलं होतं, मूळ अज्ञात. भाऊजींना हा स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी कॉलेजातल्या प्राध्यापकांना पत्रं लिहिली, सुट्ट्या टाकून बर्डीवरच्या वाचनालयात उन्हाळे काढले, एका निवृत्त पाद्र्याला त्याच्या दाराशी जाऊन गाठलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की साहेब, हे कुणालाच माहीत नाही, तसं लिहा आणि मोकळे व्हा. मीही तेच सांगत होतो. भाऊजी मान हलवायचे. "रोज दाराशी बसणारा प्राणी, बाबुराव. आणि त्याच्यापुढे मी लिहू, माहीत नाही? लोक म्हणतील, एवढं मोठं पुस्तक काढलं आणि कुत्र्यापाशी अडला." मी मनात म्हणायचो, लोकांना कळायला आधी पुस्तक निघू द्या. पण जावयाला तोंडावर कोण बोलणार?

इकडे माझा धंदा बसत चालला होता. इंग्रजी काम आलं की मी हात जोडायचो. वकिलांची पत्रं गेली, डॉक्टरांची लेटरहेडं गेली, एका बँकेच्या मॅनेजरानं तर मला तोंडावर विचारलं, छापखाना आहे की कीर्तनाचा मंडप. एकदा एक्स-रेवाले डॉक्टर आले. त्यांना फक्त दवाखान्याच्या चिठ्ठ्या हव्या होत्या आणि माझ्याकडे एक्स हे अक्षर उरलंच नव्हतं. सगळे भाऊजींच्या ऑक्समध्ये आणि फॉक्समध्ये जाऊन बसले होते. तुळशीराम इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "कोल्ह्यातला एक काढू का? शनिवारच्या आत परत लावतो." काढला. डॉक्टरचं काम झालं, पण खिळा परत लावायचा राहिला. शनिवारी भाऊजींनी प्रूफ हातात घेतलं आणि दोन मिनिटांत त्यांचा चेहरा पडला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाबुराव, माझ्या कोल्ह्याचं शेपूट कुणी नेलं?" मला इतकी शरम वाटली की मी पुन्हा त्या चौकटीला हात लावू दिला नाही. खरं सांगायचं तर त्यांच्यावर चिडायचीही माझी ताकद संपली होती. नुसता चौकटीकडे पाहत बसायचो.

हे सगळं माझं दुःख. पण खरी झळ पोचत होती ती ताईला, हे मला उशिरा कळलं. पहिल्या वर्षीच तिनं गल्लीतल्या बायकांना अभिमानानं सांगून टाकलं होतं, की यांचं पुस्तक येऊन राहिलं. दुसऱ्या वर्षी बायकांनी विचारलं, तिसऱ्या वर्षी हसून विचारलं, आणि पुढे पुढे तर त्या गावात कुठलंही काम रखडलं की लोक म्हणायचे, हे कंपाउंडरचं पुस्तक झालं. नालीचं बांधकाम रखडलं, कंपाउंडरचं पुस्तक. कुणाच्या पोरीचं लग्न जमेना, कंपाउंडरचं पुस्तक. एकदा मी ताईकडे गेलो होतो, तर शेजारच्या शेवंताबाईनं पाणी भरता भरता माझ्यादेखत विचारलं, "काहून वं, भाऊ आला म्हणते, पुस्तक घेऊन आला काय?" विहिरीवरच्या साऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ताईनं घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "येईन ना वं. मोठं काम हाय." तशीच ती घरी आली. मग ओट्यावर घागर उतरवून मला म्हणाली, "बाबू, खरं सांग. तू काहून छापत नाही?" मी सहीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. नवऱ्याला मात्र तिनं त्यावरून एका शब्दानं टोकलं नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी ताईच्या पोटात गाठ निघाली. नागपुरात दाखवलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. आम्ही तिला माझ्याच घरी ठेवलं, छापखान्यामागच्या खोलीत. भिंतीपलीकडे मशीन. दिवसभर त्याची खडखड तिच्या कानावर पडायची. मी म्हटलं, त्रास होत असेल तर काम बंद ठेवतो. ती नको म्हणाली. रोज मशीन सुरू झालं की ती मान वळवून विचारायची, "हा आवाज आपल्या पुस्तकाचा का रे?" मी सांगायचो, नाही ताई, लग्नपत्रिका आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाही ताई, पावतीपुस्तकं. नाही ताई, शाळेचा पेपर. ती "बरं" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

एका सकाळी मला राहवलं नाही. भाऊजी रजा घेऊन आले होते आणि तिच्या उशाशी कोश घेऊन बसले होते. मी त्यांना छापखान्यात बोलावलं, प्रूफ पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, "सही करा." ते म्हणाले, "बाबुराव, एक आठवडा दे. एका ठिकाणाहून उत्तर यायचं आहे." आणि मग आमच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं ते घडलं. मी जावयावर ओरडलो. "एक आठवडा कुणाजवळ आहे, भाऊजी? तुमच्या एका कुत्र्यापायी अकरा वर्षं माझ्या बहिणीनं विहिरीवर मान खाली घातली! तिला इंग्रजी वाचायचं नाही हो, तिला फक्त ते हातात धरायचं आहे!" तुळशीरामच्या हातातली खिळ्यांची ओळ खाली सांडली. भाऊजी स्टुलावर बसले. प्रूफाच्या कडा जुळवत म्हणाले, "तिला मी आजपर्यंत काही दिलं नाही. दागिना नाही, धड लुगडं नाही. हे एकच द्यायचं होतं. त्यात भोक ठेवून कसं देऊ?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट होता. "अहो, नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणून लिहा ना! कुत्रा काय भुकायचा थांबणार हाय?"

भाऊजींनी वर पाहिलं. मग तीन पेनांतलं मधलं काढलं आणि डॉगपुढे, जिथे अकरा वर्षं कोरी जागा होती, तिथे मराठीत लिहिलं, मूळ माहीत नाही. इंग्रजी पानावर तेच इंग्रजीत लिहिलं. तळाशी 'छापावे' लिहून सही केली. मग स्टुलावरून उठून ते आत गेले.

तुळशीराम त्या दिवशी जेवायला घरी गेला नाही. दुपारी मशीन सुरू झालं. ताईनं त्या दिवशी काही विचारलं नाही. संध्याकाळी मी शाई पुरती वाळायच्या आधीच आठ पानं दुमडली, मध्ये दोरा घातला, वर निळा कागद चिकटवला आणि भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी ती तिच्या हातात ठेवली. ताईनं पुस्तक उलटं पाहिलं, सुलटं पाहिलं, बोटांनी जाडी चाचपली आणि म्हणाली, "एवढंसंच?" मग आम्ही तिघंही हसलो, ती पोटावर हात दाबून हसली. आपला मुंगूस कुठे आहे ते तिनं विचारून घेतलं आणि त्या ओळीवर अंगठा ठेवून बराच वेळ पडून राहिली. रविवारी गावाकडच्या बायका बसनं तिला भेटायला आल्या. शेवंताबाई पुढे होती. ताईनं उशीखालून पुस्तकांचा गठ्ठा काढला. "घ्या वं," ती म्हणाली, "आलं एकदाचं. येक येक घेऊन जा." शेवंताबाईनं पुस्तक कपाळाला लावलं आणि ती रडायला लागली. ताईनंच तिला गप्प केलं.

पंधरा दिवसांनी ताई गेली.

आठ पानं छापून झाली होती, खिळे सुटले होते, इंग्रजी घरं शिगोशीग भरली होती. अकरा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते सगळं झालं होतं. एक्स-रेवाले डॉक्टर परत आले. भाऊजींनी दुसऱ्या प्रकरणाचं नाव काढलं नाही. सवयीनं शनिवारच्या बसनं यायचे, स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे आणि पाचच्या बसनं जायचे. खिशाला एकही पेन नव्हतं. ज्या माणसानं तोंड बंद करावं म्हणून मी अर्धं आयुष्य देवाला विनवलं, त्याला आता बोलतं करावं म्हणून मी कोशात पाहून पाहून शब्द शोधायला लागलो. भाऊजी, हर्स म्हणजे मढ्याची गाडी, तो शब्द कुठून आला हो? भाऊजी खिडकीबाहेर पाहायचे आणि म्हणायचे, "माहीत नाही." वखरावरून आला, हे त्यांनीच मला चारदा सांगितलं होतं. भाऊजी, कॅनरी पक्ष्याचं काय? "माहीत नाही, बाबुराव." जे दोन शब्द लिहायला त्यांना अकरा वर्षं जड गेली, तेच आता किती सहज यायचे! त्यांच्या तोंडून ते ऐकताना माझा जीव तुटायचा.

एक दिवस मी तुळशीरामला म्हणालो, "ती आठ पानं पुन्हा लाव."

"आता काहून?" तो म्हणाला. "छापली ना?"

"दुसरी आवृत्ती. आणि हे बघ, व्हॅक्सीनपुढे गाय काढून बकरी लाव."

तुळशीराम चिमटा खाली ठेवून माझ्याकडे पाहतच राहिला. "मी अन् जाणूनबुजून चुकीचं लावू, मालक? चाळीस वर्षांत नाही लावलं." मग खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे त्याची नजर गेली आणि त्यानं मुकाट्यानं चिमटा उचलला.

शनिवारी मी भाऊजींपुढे प्रूफ ठेवलं. नजर टाका, एवढंच म्हणालो आणि पावत्यांवर शिक्के मारायला बसलो. तुळशीराम खोटंच काहीतरी झाडत होता. भाऊजींनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. मुंगसापाशी बराच वेळ थांबले. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट अडलं, पुढे सरकलं, आणि परत मागे आलं.

"बाबुराव, हे काय? व्हॅक्सीन बकरीवरून? कुणी सांगितलं?"

"मलेच वाटलं तसं, जवाईबापू," तुळशीराम केरसुणी हातात धरून म्हणाला.

"वाटलं? असं वाटून चालत नाही, तुळशीराम! इकडे या. बसा असे." आणि भाऊजींनी झाडाखालच्या डॉक्टरांपासून, डब्यापासून, गाईपासून सुरुवात केली. मध्येच त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मी माझं पेन पुढे केलं. त्यांनी बकरी खोडली, गाय लिहिली, कोल्ह्याचं शेपूट जागेवर आहे ना ते पाहिलं आणि शेवटी डॉगपाशी येऊन तिथल्या 'मूळ माहीत नाही'खाली एक बारीक रेघ ओढून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पाचची बस निघून गेली होती.

"मग?" मी म्हणालो. "करता सही?"

भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं आणि माझं पेन स्वतःच्या खिशाला अडकवलं. "घाई काय आहे? अजून एक शंका आहे. पुढच्या शनिवारी पाहू."

सोमवारी एक्स-रेवाल्या डॉक्टरांचा माणूस लेटरहेडचं काम घेऊन आला. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि हात जोडले. "इंग्रजी खिळे अडकलेत हो. कधी सुटतील, सांगता येत नाही."